चोरटा, चोरटी, चोरटं

बापाला लागलेलं विशेषण पुसायला मी रशियन शिकले, असं पांढुर्ण्यात काही लोक सांगतात. ते खोटं आहे. रशियन मी नोकरीसाठी शिकले. पण विशेषण माणसाला कसं धरतं आणि धरलं की कुठवर पोचतं, हे मला त्या वर्गात कळलं. राग तर माझ्यात आधीपासून होताच. वर्गानं त्याला फक्त वळण लावलं.

आधी विशेषण लागलं कसं ते सांगते. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली आणतात. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे जुळवलेल्या चार-सहा ओळी. त्यात कोणाची तरी बिनपाण्यानं करायची आणि शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. पांढुर्ण्यात त्याचे दोन नियम. ज्याची जोडी तोरणाखाली उभी असेल, त्यालाच झडती म्हणता येते. आणि झडतीला उत्तर झडतीनंच द्यायचं, तेही तोरणाखालीच. उत्तर आलं नाही तर गाव समजतं, माणसाला कबूल आहे. उत्तराला मुदत नाही. यंदा नाही सुचलं तर पुढच्या पोळ्याला द्यावं, नाहीतर पोरानं द्यावं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा पोळा. माझे वडील दत्तात्रय मास्तर तेव्हा पांढुर्ण्याच्या एका शाळेत हेडमास्तर होते. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लागला आणि बाबांनी पेटी वाजवून पोरांकडून गाणी म्हणवून घेतली. ती पेटी शाळेची होती, चांगली सागवानी, आणि बाबा तिला कोणाला हात लावू देत नसत. पुढे श्रावणात पुंडलिकराव आले. ते कापसाचे व्यापारी, शाळेच्या कमिटीतलं मोठं प्रस्थ. म्हणाले, "मास्तर, सावरगावले जावयाच्या घरी भजन ठेवलं आहे. पेटी पाहिजे." कमिटीचाच माणूस मागतो म्हटल्यावर बाबांनी दिली. पेटी जाम नदी ओलांडून सावरगावला गेली आणि तिकडेच राहिली. बाबा दोनदा मागायला गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी चारचौघांत मागितली, आणि पुंडलिकरावांच्या नाकाला मिरची झोंबली.

पोळा आला. पुंडलिकराव आपली पांढरीशुभ्र जोडी घेऊन तोरणाखाली उभे राहिले आणि त्यांनी झडती म्हटली:

"शाळेत होती पेटी, पेटीत होता सूर,
पेटी गेली चोरीले, चोर नाही दूर!
चोरटा मास्तर, चोरटी पाटी,
पोट्टेहो, सांभाळा आपली लंगोटी!"

हर हर महादेव झालं. गाव पोट धरून हसलं. पेटी सावरगावला आहे हे त्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, त्यांनी तिच्यावरची भजनं ऐकली होती. पण यमक जुळलं की आमच्या गावाला खरंखोटं लागत नाही.

बाबा गर्दीत माझा हात धरून उभे होते. शेजारी विनायक होता, बाबांचाच विद्यार्थी, बापाची जोडी घेऊन आलेला. तो म्हणाला, "गुरुजी, माह्या बैलाचा कासरा धरा आन् द्या जवाब. हे जोडी तुमचीच समजा."

बाबा म्हणाले, "मी मास्तर आहे विनायक, बैलवाला नाही. असल्या गोष्टीले उत्तर द्याचं नसते."

ही चूक फक्त मास्तरच करू शकतो. शहाण्या माणसानं मूर्खाला उत्तर देऊ नये, असं ते आम्हाला वर्गात शिकवत. पण गाव काही वर्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी दरवर्षीसारखी सावरगावाशी गोटमार झाली. नदीच्या दोन काठांवरून दगड चालले, डोकी फुटली, संध्याकाळी सगळ्यांनी हळद लावली आणि विसरून गेले. बाबांना लागलेलं मात्र कोणी विसरलं नाही. चौकशी झाली नाही, पोलीस आले नाहीत. नुसतं विशेषण लागलं. महिन्याभरात कमिटीनं त्यांना राजीनामा द्यायला लावला आणि त्यांच्या खुर्चीवर पुंडलिकरावांचा जावई अरविंद बसला.

आम्ही सौंसरला गेलो. तिथे बाबा पोरांच्या शिकवण्या घेऊ लागले. मला वाटलं होतं विशेषण पांढुर्ण्यातच राहील. ते आमच्या आधी पोचलं होतं. विहिरीवर माझ्या आईला, मनकर्णाबाईला, बाया म्हणायच्या, "चोरटी मास्तरीण आली, बादल्या पाहा वो!" हसून म्हणायच्या, म्हणून भांडताही यायचं नाही. मी शाळेत गेले तर चोरटी पोरगी. आमचं भाड्याचं घर चोरटं घर. पुढे पुढे तर नुसतं "चोरटे आले" म्हणू लागले. मास्तर हा शब्दच गळून पडला.

आई गेली त्या दिवशी अंगणात बायका जमल्या होत्या. कोणीतरी बाहेरून विचारलं, "कोण गेलं वो?" आणि एक बाई अगदी हळहळून म्हणाली, "चोरट्या मास्तरची बायको गेली, बिचारी. लय गरीब होती." त्या बाईच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्यानंतर मी नागपूरला कॉलेजात गेले. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहणार, रशियन इंजिनियर येणार, दुभाषे लागणार, अशी हवा होती. नागपुरात एक बंगाली सर संध्याकाळी रशियन शिकवायचे. मी नाव घातलं. वर्गात मुली दोनच, बाकी सगळे मुलगे.

सरांनी फळ्यावर लिहिलं: नोवी दोम, नोवाया क्नीगा, नोवोये अक्नो. नवं घर, नवं पुस्तक, नवी खिडकी. त्यांच्यात घर पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी आणि खिडकी नपुंसकलिंगी. सर म्हणाले, "विशेषणाला स्वतःचं काही नसतं. नाम जे असेल ते व्हावं लागतं." जबलपूरकडची हिंदी बोलणारी मुलं डोक्याला हात लावून बसली. त्यांना पुरुष आणि बाई ठाऊक, हे तिसरं काय? आम्हा मराठी मुलांना मात्र हे घरचंच वाटलं. नवा, नवी, नवं. मी मनातल्या मनात म्हटलं, चोरटा, चोरटी, चोरटं.

पण सरांनी पुढचा धडा काढला तेव्हा आमचीही घमेंड उतरली. मराठीत नामाला प्रत्यय लागला की विशेषण एका 'या'वर भागवतं. नव्या रस्त्यानं, नव्या वहीत, नव्या घरापासून, सगळीकडे नव्या. रशियनमध्ये तसं नाही. नव्या घरात म्हणायचं तर नोवोम, नव्या घराकडे म्हणायचं तर नोवोमु, नव्या घराचं म्हणायचं तर नोवोवो. नाम जिथं जिथं जाईल, जे जे करील, ज्याला ज्याला देईल, तिथं तिथं विशेषण कपडे बदलून त्याच्या मागे. आईच्या पदराला धरून चालणारं पोर कसं, आई विहिरीवर गेली की विहिरीवर, बाजारात गेली की बाजारात, तसं. सुटका नाही.

आणखी एक गोष्ट सरांनी दाखवली. आपल्याकडे काही विशेषणं ताठ असतात. लाल फेटा, लाल टोपी, लाल लुगडं. लाल कोणासाठी वाकत नाही. रशियन लाल वाकतो: क्रास्नी, क्रास्नाया, क्रास्नोये. त्यांच्याकडे वाकत नाही असं विशेषण शोधून सापडणं मुश्कील. मी त्या दिवशी बाकावर बसून पुंडलिकरावांचा विचार केला. त्यांनी बाबांना लबाड म्हटलं असतं, तर ते ताठ विशेषण बाबांपाशीच थांबलं असतं. त्यांनी वाकणारं निवडलं. जाणूनबुजून निवडलं असेल असं नाही, पण वाईट माणसाच्या जिभेला नेमकं हत्यार बरोबर सापडतं. ते विशेषण बाबांपासून वाकून आईला लागलं, मला लागलं, उंबरठ्याला लागलं.

मला सगळ्यात लागून राहिला तो आखूड रूपांचा धडा. रशियनमध्ये एकाच विशेषणाची दोन रूपं असतात. बाल्नोय म्हणजे आजारी, स्वभावानंच रोगट, कायमचा. बोलेन म्हणजेही आजारी, पण आत्तापुरता. उद्या बरा होईल. लांब रूप माणसाला चिकटतं, आखूड रूप नुसतं त्याच्याशेजारी उभं राहतं आणि वेळ झाली की निघून जातं. सर म्हणाले, त्यांच्याकडे एखाद्याचा पाय तुमच्या पायावर पडला तर तो म्हणतो, विनावात. अपराधी आहे, पण एवढ्या एका पायापुरता. मी विचारलं, "सर, मराठीत असं का नाही?" सर म्हणाले, "तुमच्या भाषेतले लोक दुसऱ्या काही मार्गानं माफ करत असतील." सर भले होते, त्यांनी पांढुर्णं पाहिलेलं नव्हतं.

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आमचं पांढुर्णं आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, आणि राजधानी भोपाळला गेली. बाबांच्या शिकवणीला येणाऱ्या पोरांचे बाप विचारू लागले, "मास्तर, मराठी शिकून आता काय कामाचं?" शिकवण्या आटल्या. तोवर मला भिलाईत दुभाष्याची जागा मिळाली होती. रशियन इंजिनियर माझ्या विशेषणांवर हसायचे, कारण घाईत मी भट्टीला पुरुष करायची आणि कारखान्याला बाई. पण त्यांनी कधी मला नाव ठेवलं नाही. ज्या खानावळीत ते जेवायचे तिला ते स्तालोवाया म्हणायचे. मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, हे खरं तर विशेषण आहे, टेबलाची, जेवणाची अशी. पुढचं नाम केव्हाच गळून गेलं, विशेषणच आता तिथं राहतं. मी त्या दिवशी जेवले नाही. मला "चोरटे आले" आठवलं.

पहिल्या सुट्टीत मी सौंसरला न जाता आधी पांढुर्ण्याला विनायकाच्या घरी गेले. त्याचा बाप वारला होता, शेती आता तोच पाहत होता.

मी म्हटलं, "विनायकदादा, मले एक बैलजोडी घेऊन पाहिजे."

तो हसला. "भिलाईत वखर चालवून राहिली काय ताई?"

"तुमच्याच गोठ्यात राहू द्या. वर्षभर कामाले लावा. मले फक्त पोळ्याच्या दिवशी पाहिजे."

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याचं हसू गेलं. म्हणाला, "बाईमाणूस तोरणाखाली कधी उभी नाही राहिली, ताई."

"नियमात बाई-पुरुष नाही. नियमात जोडी आहे."

"पुंडलिकराव आता लय मोठा झाला आहे. खादी घालते, नेत्याईच्या मोटारीत बसते. म्हातारा झाला, पण जीभ तेच आहे."

"म्हूनच घाई आहे," मी म्हटलं. "मेला तं मी कोणाले बोलू?"

विनायकानं मोहगावच्या बाजारातून जोडी आणली. तांबूस, उंच, शिंगं एकसारखी. मी भिलाईत बसून झडती रचू लागले. मला पुंडलिकरावांसाठी एक विशेषण पाहिजे होतं आणि ते वाकणारं पाहिजे होतं. चोरटा परत करणं मला पटेना. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं मी कशाला वाढू? नीच, लबाड, बदमाश सगळे ताठ. खोटा वाकतो, पण तो सगळ्यांनाच लागतो, त्यात धार नाही. शेवटी मला सापडलं: उसना. ज्यांनी पेटी उसनी नेली, खुर्ची उसनी बळकावली, देशाची खादी उसनी अंगावर घातली, त्यांना दुसरं कोणतं शोभलं असतं? उसना, उसनी, उसनं. मी ते सगळ्या विभक्त्यांतून फिरवून पाहिलं. त्यांच्या घराला लागत होतं, जोडीला लागत होतं, जावयाला लागत होतं. मी खूष झाले. कारखान्यात एक रशियन बाई म्हणाली, "आज तू फार आनंदी दिसतेस." मी तिला सांगितलं, गावी सण आहे.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला अडवलं असतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी जोडी घेऊन तोरणाकडे निघाले. नऊवारी नेसले होते, पदर खोचला होता. विनायकानं बैलांना झुली घातल्या, शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरांच्या माळा बांधल्या. लोक बाजूला होत होते आणि कुजबुजत होते. तोरणाखाली पुंडलिकराव आपल्या जोडीशी उभे होते. पांढरी टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. शेजारी जावई अरविंद, आमच्या खुर्चीवर बसून बसून जाड झालेला.

पुंडलिकरावांनी मला ओळखलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलांकडे, मग गावाकडे, आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे बापा! मास्तरची पोरगी बैल घेऊन आली! पाहा रे कोणाच्या गोठ्यात जोडी कमी तं नाही! चोरटे बैल दिसून राहिले!"

गाव हसलं. तेच हसू. माझ्या बैलांना दोन क्षणांत लागलं ते. त्यांनी बिचाऱ्यांनी गवताशिवाय कशाला तोंड लावलेलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी तोंड उघडलं, पहिली ओळ जिभेवर होती, आणि कोणीतरी माझ्या हातातला कासरा धरला.

बाबा होते. धुतलेला कोट, तेल लावून बसवलेले केस. मागाहून कळलं, विनायक सौंसरला जाऊन त्यांना सांगून आला होता. त्याला वाटलं, घरातला मोठा माणूस जिवंत असताना पोरीनं कासरा धरावा हे बरं नव्हे. बाबा त्याला हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. सकाळच्या मोटारीनं एकटे आले होते.

मी म्हटलं, "बाबा, मी पाठ केलं आहे."

ते म्हणाले, "हाव. माझंही पाठ आहे."

मला वाटलं संपलं. आता ते हात जोडतील, झालं गेलं विसरा म्हणतील, गाव त्यांना साधा माणूस म्हणेल आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. मी त्यांच्या हातातून कासरा ओढून घ्यायला पाहिलं. त्यांनी सोडला नाही. वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात, न ओरडता, एकेक शब्द सुटा करून ते बोलू लागले आणि पाठीमागच्या पोरांपर्यंत सगळे गप्प झाले.

"माह्या बैलाले शिंगं दोन, मले तोंड एक,
शिवून होतं ठेवलं, आज उसवतो टाका एकेक.
भजनासाठी शाळेची पेटी सावरगावले नेली,
देव म्हणे भजन झालं, पेटी नाही आली.
उसनी पेटी, उसनी खुर्ची, उसना ज्याचा थाट,
उसनं हसू तोंडावर, उसना मांडला पाट.
उसनी टोपी डोक्यावर, उसनी खादी अंगाले,
पुंडलिकराव, लाकडं तरी घरची आणा सरणाले!"

सणाच्या दिवशी सरणाचं नाव! मग कोणीतरी मागून हर हर महादेव म्हटलं आणि अख्ख्या पांढुर्ण्यानं ते उचललं. बैल बुजले. फेटे उडाले. सावरगावकडून पोळा पाहायला आलेली माणसं सगळ्यात मोठ्यानं हसत होती, ज्यांनी त्या पेटीवर एवढी वर्षं भजनं म्हटली होती.

मी बाबांकडे बघत राहिले. माझं विशेषण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच शोधलं होतं आणि माझ्यापेक्षा चांगलं चालवलं होतं, पेटीपासून हसण्यापर्यंत तिन्ही लिंगांतून. ज्या माणसानं आम्हाला शिकवलं की मूर्खाला उत्तर देऊ नये, तो सौंसरच्या भाड्याच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत शिकवण्या घेता घेता, आईला अग्नी देता देता, एकेक ओळ घासत बसला होता. सरणाची ओळ कुठून आली ते मला विचारावं लागलं नाही. माझी झडती त्यापुढे शाळकरी पोरीची होती. मला थोडी चीडही आली. एवढं तयार होतं तर एवढी वर्षं मला का होरपळू दिलं?

पुंडलिकराव उत्तर शोधत होते. अरविंदानं त्यांच्या कानात काही सांगितलं, त्यांनी त्याला कोपरानं ढकललं. टोपीकडे त्यांचा हात गेला आणि मध्येच थांबला, कारण ती काढली तरी उसनी आणि ठेवली तरी उसनीच. शेवटी त्यांनी काठी टेकली आणि जोडी वळवली. तोरण अजून तुटायचं होतं. गर्दीतून एक बाई म्हणाली, "सरका वो, उसने बैल चालले!" मी तो आवाज अजून ऐकते आणि अजून तितकीच सुखावते. लागलं होतं. वाकलं होतं. आता ते त्यांच्या घरी जाईल, सुनेला लागेल, नातवंडांना लागेल, आणि मला कोणाचीही दया येत नव्हती.

लोकांनी बाबांना घेरलं. कोणी पाया पडत होतं, कोणी पाठ थोपटत होतं. एक म्हातारा शेतकरी गर्दीतून वाट काढत आला, त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. त्यानं बाबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "वा रे वा, चोरटे मास्तर! असी झडती बापजन्मी नाही ऐकली!"

दुसरा म्हणाला, "चोरट्या मास्तरनं नाव राखलं गावाचं!"

"चोरटे मास्तर की जय!" पोरं ओरडली.

त्यांच्या मनात काही नव्हतं. ते प्रेमानं म्हणत होते. पेटी कोणी नेली हे त्यांनी आत्ताच कानांनी ऐकलं होतं, त्यावर हर हर महादेव म्हटलं होतं, आणि तरी ते बाबांना याच नावानं ओळखत होते. त्यांच्या लेखी एक विशेषण लागल्यानं दुसरं निघत नव्हतं. गावाकडे दोन्हींसाठी जागा होती. मी ओरडले, "चोरटे कायले म्हणता? आत्ता ऐकलं ना?" म्हातारा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "मंग काय म्हणू माय? मास्तर तं लय आहेत गावात. कोणता मास्तर, ते सांगा लागते ना?"

मला रडू आलं, ते मी रागानं गिळलं.

संध्याकाळी आम्ही सौंसरच्या मोटारीची वाट पाहत स्टँडवर बसलो. हॉटेलवाल्यानं न मागता दोन कप चहा आणून ठेवला. "राहू द्या वो पैसे," तो म्हणाला. "चोरट्या मास्तरकडून पैसे घेईन काय मी आज?"

मी उठले. बाबांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि चहा पिऊन टाकला, शेवटच्या घोटापर्यंत, शांतपणे. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "प्रेमा, ते बैल विकू नको."

"कायले बाबा? झालं ना आता. पुंडलिकराव तं गेला."

"पुंडलिकरावानं एकदाच म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "बाकी सगळं गावानं म्हटलं. तुझ्या आईच्या दारात पुंडलिकराव नव्हता आला."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले, बोटं गुडघ्यावर मात्रा मोजू लागली. समोरून लोक घरी चालले होते, हसत, झडतीच्या ओळी म्हणत, आमच्याकडे बघून हात उंचावत. बाबा एकेकाच्या चेहऱ्याकडे डोळे किलकिले करून बघायचे आणि पुन्हा मिटायचे. मी त्यांना त्रास होणार नाही अशी सरकून बसले आणि त्या प्रत्येकाचं नाव त्यांना हळूच सांगत गेले.